सात दिवसांत बंद होणारे हत्ती

शशिकांत बोरकुटेला चार वर्षांपूर्वी कंपनीने काचेचा एक त्रिकोण दिला. त्यावर त्याचं नाव कोरलेलं आहे, आडनावात एक अक्षर कमी आहे, आणि खाली असं म्हटलंय की या माणसाने सहा आठवड्यांत झांबियातल्या शेतकऱ्यांसाठी तक्रार-यंत्रणा उभी केली. मजकूर खरा आहे. अशा कामाला सहा महिने लागतात हे ऑफिसात सगळ्यांना ठाऊक होतं. पण ते सहा आठवड्यांत कसं झालं, हे कुणी विचारलं नाही. यशस्वी माणसाला असले प्रश्न विचारायची पद्धत नाही.

शशिकांत चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीडजवळच्या एका खेड्यातला. नागपूरला इंजिनियरिंग, मग पुण्यात हिंजवडी, आणि गेली अकरा वर्षं व्हर्जिनियात हर्नडन. ग्रीन कार्डच्या रांगेत त्याचा नंबर इतका मागे आहे, की त्याची तेरा वर्षांची मुलगी सई त्याला म्हणते, ‘‘बाबा, आय विल स्पॉन्सर यू.’’ ती थट्टा करते. त्याने मात्र हिशेब करून पाहिला आणि तोच मार्ग लवकरचा निघाला.

स्वभावाने तो सपोर्टवाला. आयुष्यातली चौदा वर्षं त्याने एका बँकेच्या लोकांचे विसरलेले पासवर्ड आणि अडकलेले प्रिंटर सांभाळले. या धंद्याचा एक धर्म आहे: तक्रार उघडी ठेवायची नाही. घरातसुद्धा शुभाने, म्हणजे बायकोने, ‘‘नळ गळतोय’’ म्हटलं की तो नळ दुरुस्त करून परत येऊन विचारणार, ‘‘आता ठीक आहे ना? मग क्लोज करू?’’ शुभा नागपूरची. ती म्हणते, ‘‘कर बाप्पा क्लोज. मला पण कर एकदाचं.’’

तर सहा आठवड्यांचं रहस्य असं. वॉशिंग्टनमधल्या एका वन्यजीव संस्थेला पूर्व झांबियात, एका अभयारण्याला लागून असलेल्या वीस गावांसाठी यंत्रणा हवी होती. हत्तींनी मका तुडवला, ज्वारी खाल्ली, धान्याची कणगी फोडली, की शेतकऱ्याने कळवायचं आणि संस्थेने दखल घ्यायची. शशिकांतने बँकेची प्रिंटरवाली यंत्रणा उचलली, रंग बदलला, वर हत्तीचं चित्र लावलं आणि सोपवून दिली. तक्रारीच्या प्रकारांत ‘हार्डवेअर’, ‘सॉफ्टवेअर’ आणि ‘अन्य’ असे तीन पर्याय होते. पहिले दोन त्याने काढले. हत्ती ‘अन्य’मध्ये गेले.

एक गोष्ट काढायची राहिली. प्रिंटरची तक्रार आली की यंत्रणा एक निरोप पाठवी: आपली अडचण दूर झाली का? सात दिवसांत उत्तर आलं नाही, की ती समजे, झाली असणार. प्रिंटर चालू झालेला माणूस उत्तर देत नसतो, हा जगभरचा अनुभव. तक्रार आपोआप बंद, नकाशावर हिरवा ठिपका. हत्तींच्या बाबतीत हा नियम कसा चालेल याचा विचार शशिकांतने केला नाही. विचार करायला सातवा आठवडा लागला असता.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत संस्थेची वार्षिक ऑनलाइन सभा झाली. डायरेक्टरबाईंनी पडद्यावर नकाशा दाखवला. सगळा हिरवागार. एक्याण्णव टक्के तक्रारींचं निवारण. मग तिकडच्या कार्यकर्तीला दोन शब्द बोलायला सांगितलं. तिचं नाव एस्नार्ट न्गोमा. नदीच्या अलीकडची अकरा गावं तिच्याकडे. सायकलने फिरते, टॅबलेटवर तक्रारी लिहून घेते. अकरा गावांचा फेरा पुरा करून बाजाराच्या गावी परतायला तिला दहा दिवस लागतात, आणि फोनला रेंज फक्त तिथेच.

एस्नार्टबाईंनी आधी सगळ्यांना नमस्कार केला, घरच्यांची खुशाली विचारली. मग शांतपणे इंग्रजीत म्हणाल्या, ‘‘तुमची यंत्रणा मला कळवते की आमचे हत्ती बंद झालेत. मी गावात जाऊन तसं सांगते. लोक विचारतात, कोणी बंद केले? आम्हाला त्या माणसाला भेटायचंय. मोठा ताकदीचा माणूस असला पाहिजे.’’

सभेत हशा पिकला. डायरेक्टरबाईंनी ‘फील्डमधला विनोद’ म्हणून आभार मानले. शशिकांत हर्नडनमध्ये कॅमेरा बंद करून बसला होता. दहा दिवसांचा फेरा आणि सात दिवसांचा नियम हे गणित त्याने मनात केलं. तिसरीतल्या पोरालाही जमेल असं होतं. बाईंना निरोप मिळायच्या आधी प्रत्येक तक्रार मरत होती. गेली तीन वर्षं.

हे नुसतं नकाशापुरतं असतं तर त्याने उसासा सोडून चहा केला असता. पण त्या वर्षी संस्थेला सौर कुंपणासाठी देणगी मिळाली होती. चाळीस किलोमीटर तार, बारीक विजेचा झटका देणारी. हत्ती मरत नाही, मागे फिरतो. वीसपैकी ज्या गावांच्या जास्तीत जास्त तक्रारी एकतीस मेला उघड्या असतील, तिकडे कुंपण जाणार, असं ठरलं होतं. एस्नार्टबाईंच्या अकरा गावांतून त्या हंगामात तीनशे चाळीस तक्रारी आल्या होत्या. पैकी उघड्या एकोणतीस, त्याही नुकत्याच आलेल्या.

म्हणजे अडचणच नाही, तर कुंपण कशाला.

दुसऱ्या दिवशी तो मॅनेजरकडे गेला. मॅनेजर अमन, ठाण्यात वाढलेला, मराठी छान बोलतो, फक्त क्रियापदं मराठी असतात.

‘‘यार शशी, क्लायंटने रिक्वेस्ट रेझ केलीय का?’’

‘‘नाही. पण बग आहे ना हा. माझाच आहे.’’

‘‘तीन वर्षं अवॉर्ड-विनिंग सिस्टिम आहे ती. आता तू म्हणतोस बग. कसं दिसेल ते?’’

‘‘तिकडे मका जातोय, अमन.’’

‘‘आय गेट इट. पण मका आउट ऑफ स्कोप आहे. तू चेंज रिक्वेस्ट टाक, क्लायंट अप्रूव्ह करेल, मग बघू.’’

शशिकांतने रीतसर विनंती टाकली: सात दिवसांचा नियम काढावा. मंजुरीसाठी ती डायरेक्टरबाईंकडे गेली. बाई तेव्हा हिरवा नकाशा घेऊन देणगीदारांकडे फिरत होत्या. आठव्या दिवशी शशिकांतला यंत्रणेचा निरोप आला: सात दिवसांत उत्तर न मिळाल्याने आपली अडचण दूर झाली असे समजण्यात येत आहे. त्याने पुन्हा टाकली. पुन्हा दूर झाली. तिसऱ्या वेळी त्याने बाईंना फोनच केला. त्या फार आपुलकीने बोलल्या. मुद्दा महत्त्वाचा आहे म्हणाल्या. जूननंतर नक्की बघू म्हणाल्या.

नियम त्याला स्वतःला एका मिनिटात बदलता आला असता. पण परवानगीशिवाय चालू यंत्रणेला हात लावला तर नोकरी जाते. नोकरी गेली की व्हिसावाल्याला नवीन शोधायला साठ दिवस, नाहीतर सामान बांधायचं. सईची शाळा, टाउनहाउस, रांगेतली अकरा वर्षं. शशिकांत शूर नाही, तसा त्याचा दावाही नाही.

त्याला परवानगी होती ती एवढीच: सपोर्टचा कुणीही माणूस ग्राहकाच्या वतीने तक्रारीवर उत्तर लिहू शकतो. उत्तर पडलं की बंद तक्रार उघडते आणि सात दिवस नव्याने मोजायला लागतात. म्हणजे एकतीस मेपर्यंत, दर आठवड्याला, तीनशे चाळीस उत्तरं. हाताने. प्रोग्रॅम लिहून एका झटक्यात करावं, तर त्यालाही मंजुरी लागते. एकच मजकूर सगळीकडे चिकटवावा, तर यंत्रणा तो नाकारते. यंत्रांनी लिहिलेल्या खोट्या उत्तरांना आळा बसावा म्हणून ही सोय केली होती. कुणी केली होती हे वेगळं सांगायला नको.

मार्चच्या तिसऱ्या रविवारी त्याने सुरुवात केली. रविवारी सईची मराठी शाळा असते, एका भाड्याच्या शाळेच्या कॅफेटेरियात. आत मुलं ‘मी शाळेत जातो’ लिहितात आणि बाहेरच्या बाकांवर आईबाप फोन बघतात. शशिकांत कोपऱ्यात लॅपटॉप उघडून बसला. पहिली वीस उत्तरं झरझर झाली. अडचण कायम आहे. अडचण अजूनही कायम आहे. अडचण दूर झालेली नाही. सत्तराव्यापर्यंत इंग्रजी भाषेतली अडचण संपली. मग त्याला नवीन काही लिहिण्यासाठी मूळ तक्रारी वाचाव्या लागल्या. तीन वर्षांत त्या त्याने प्रथमच वाचल्या.

तीन हत्ती, एकाचा डावा सुळा मोडलेला, दीड एकर मका. मादी आणि पिल्लू, भोपळ्याचा वेल, कणगीची भिंत. म्हाताऱ्याने शेणात मिरची कालवून गोवऱ्या थापल्या होत्या, त्यांचा धूर केला, हत्ती गेले. मग पाऊस आला, धूर विझला, हत्ती परत आले. अशा नोंदी. शशिकांतचा बाप धान करी आणि पीक भरायला लागलं की रानडुकरांसाठी जागलीला जाई, माळ्यावर बसून डबा बडवी. नुकसान झालं की वनखात्याचा माणूस बांधावर उभा राहून पंचनामा लिहून नेई. ते कागद पुढे कुठे जातात, हे गावात कुणालाही माहीत नव्हतं. शशिकांतला आता माहीत आहे. असले कागद जिथे जातात, तिथे तो नोकरीला आहे.

शाळा सुटल्यावर सई येऊन उभी राहिली. ‘‘बाबा, आर यू स्टिल डुइंग एलिफंट्स?’’

‘‘मराठीत.’’

‘‘तू अजून हत्ती करतोयस?’’

‘‘दोनशे झाले.’’

‘‘आउट ऑफ?’’

त्याने आकडा सांगितला. सई शेजारी बसली आणि तिने डबा उघडला. पुढचे दहा रविवार ती असाच डबा उघडून बसली. आईला मात्र तिने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं.

शुभाचा राग रास्त होता. एप्रिलमध्ये मंडळाचा पाडवा झाला, त्यात तिची नाटिका होती. नवरा हॉलच्या मागच्या रांगेत मांडीवर लॅपटॉप ठेवून टाइप करत होता. घरी येताना गाडीत ती म्हणाली, ‘‘आपल्या मागच्या अंगणात हरणं येऊन माझी मेथी खाऊन जातात. तीन वर्षं सांगतेय. त्याचं काही केलंस का?’’

‘‘सोसायटीची एचओए चार फुटांपेक्षा उंच कुंपण लावू देत नाही. अर्ज केला होता ना.’’

‘‘मग?’’

‘‘त्यांनी हरणांना न आवडणाऱ्या झाडांची यादी पाठवली.’’

‘‘आणि मी तिखटाचं पाणी मारत बसते. तुझ्या आफ्रिकेतल्या त्या म्हाताऱ्यासारखी. माझी पण तक्रार लिही की मग. दर रविवारी उत्तर तरी येईल.’’

शशिकांत गाडी चालवत राहिला.

गावाकडून बापाचा फोन आला, तेव्हा त्यालाही सगळं सांगून झालं. म्हातारा नीट ऐकतो. ऐकून झाल्यावर म्हणाला, ‘‘काहून रे, आम्ही डबा वाजवू तं डुकरं पळत तरी होते. तुह्या लिहिल्यानं हत्ती पळते का?’’

‘‘नाही बाबा. पण नाही लिहिलं तर ते आलेच नव्हते असं होते.’’

‘‘हाव,’’ म्हातारा म्हणाला. ‘‘सरकारी काम दिसते.’’

‘‘प्रायव्हेट आहे.’’

‘‘अस्सं. सुधारलं म्हणायचं.’’

मेच्या सुरुवातीला साहित्य संपलं. तेच तीन हत्ती तो सातव्यांदा कसे लिहिणार? त्याने एस्नार्टबाईंना व्हॉट्सअॅपवर निरोप ठेवला: कृपया ताजी माहिती कळवा. नऊ दिवसांनी, बाजारच्या दिवशी, बाईंचा फोनच आला. मागे कोंबड्या ओरडत होत्या.

‘‘मिस्टर शशी, तुम्ही पुन्हा पुन्हा काय विचारता? मी लिहिलंय सगळं.’’

‘‘हो मॅडम. पण नवीन काही लिहिलं नाही तर तक्रार बंद होते.’’

‘‘मग जो बंद करतो त्याला सांगा ना, नको करू म्हणून.’’

शशिकांतने खरं सांगून टाकलं. ‘‘मॅडम, तो मीच आहे.’’

मग बाई इतक्या हसल्या की फोन दूर धरावा लागला.

‘‘तर मग तुम्ही सध्या आमच्याकडे येऊ नका,’’ त्या म्हणाल्या. ‘‘माझी सासू तुम्हाला शोधतेय. तिचा मका तुम्ही चार वेळा बंद केलाय.’’

हसणं थांबल्यावर त्यांनी गावागावाचं सांगायला सुरुवात केली आणि तो लिहून घेत गेला. कुठे कापणी झाली, कुठे उरलंच नाही म्हणून झाली नाही, कुठे माणसांनी घरातच धान्य घेतलं आणि हत्तीने घराची भिंत पाडली. अर्ध्या तासाने बाईंनी विचारलं, ‘‘कुंपण येईल?’’

‘‘एकतीस तारखेपर्यंत मी उघडं ठेवतो. पुढचं माझ्या हातात नाही.’’

‘‘तुमच्या हातात होतं तेव्हा काय झालं ते आम्ही पाहिलंय,’’ बाई म्हणाल्या, पण हे त्या बऱ्याच मायेने म्हणाल्या.

मेच्या शेवटच्या आठवड्यात वॉशिंग्टनमध्ये कुणाच्या तरी लक्षात आलं की एक्याण्णव टक्के आता एकतीसवर आलेत. अमनने शशिकांतला खोलीत बोलावलं. पडद्यावर नकाशा होता. नदीच्या अलीकडे अकरा लाल गावं, पलीकडे नऊ हिरवी.

‘‘तू काय केलंस, यार?’’

‘‘तक्रारींना उत्तर दिलं.’’

‘‘तीन हजार सातशे उत्तरं?’’

‘‘सपोर्टचं काम आहे ते. करारात आहे. रविवारचे तास बिलात लावले नाहीत.’’

अमनने करार उघडून पाहिला. खरंच होतं. तक्रारीला उत्तर दिलं म्हणून माणसाला काढायची कुठे सोय नव्हती. मग त्याच्यातला मॅनेजर जागा झाला आणि संध्याकाळपर्यंत वॉशिंग्टनला एक अहवाल गेला: शेतकऱ्यांचा यंत्रणेतला सहभाग या तिमाहीत अकरा पटींनी वाढला. डायरेक्टरबाईंना हे फार आवडलं. निवारणाचा आकडा पुढल्या अहवालातून काढून टाकला आणि त्या जागी सहभागाचा घातला. सात दिवसांचा नियम तसाच राहिला. त्याचं कारण आता कुणाला विचारता येत नव्हतं, कारण तो ज्या आकड्यासाठी होता तो आकडाच उरला नव्हता.

एकतीस मेला यादी ठरली. चाळीस किलोमीटर कुंपण, सगळंच्या सगळं, एस्नार्टबाईंच्या अकरा गावांना.

ऑगस्टमध्ये खांब पोचले, ऑक्टोबरमध्ये तार ओढली. बाईंनी फोटो पाठवला: कुंपणापाशी उभी असलेली एक किडकिडीत म्हातारी, चेहरा कठोर. खाली लिहिलं होतं, माझी सासू, आता तुम्ही यायला हरकत नाही. शुभाने तो फोटो नीट पाहिला. ‘‘उंची किती आहे याची?’’ तिने विचारलं. चार फुटांपेक्षा जास्त होती. तिने फोन परत दिला.

इथे थांबता आलं असतं. शशिकांत जानेवारीपर्यंत थांबलाच होता. रविवारी तो इतर आईबापांसारखा बाकावर बसून फोन बघायचा आणि माणसांत आल्यासारखा दिसायचा.

या फेब्रुवारीत मका भरला. अकरा गावांतून सहा तक्रारी आल्या, त्यातली एक माकडांची. नदीपलीकडच्या नऊ गावांतून दोनशे तेरा. शशिकांतने त्या उघडून वाचल्या. ‘पूर्वी इकडे वर्षातून एकदोनदा येत, आता रोज.’ ‘कळप मोठा, सोळा तरी.’ ‘अलीकडून वाट बंद झाल्यामुळे नदी ओलांडतात.’ एका तक्रारीत डावा सुळा मोडलेला हत्ती होता.

त्याने मागचं वर्ष काढून पाहिलं. त्या नऊ गावांच्याही गेल्या हंगामात दीडशेच्या वर तक्रारी होत्या. सगळ्या सातव्या दिवशी बंद. तीन हजार सातशे उत्तरांतलं एकही नदीपलीकडे गेलं नव्हतं. जाण्याचं कारणही नव्हतं. तिकडच्या कार्यकर्त्याला सभेत कुणी बोलायला सांगितलं नव्हतं.

त्याने अमनला सांगितलं. अमन म्हणाला, ‘‘यंदा कुंपणाचं बजेट नाहीये, यार. मग उघड्या ठेवून उपयोग काय?’’ प्रश्न बिनतोड होता. शशिकांतने नियम काढण्याची विनंती तिसऱ्यांदा टाकली. नव्या डायरेक्टरबाई आल्या आहेत, त्या ओळख करून घेतायत. त्यांची ओळख होईपर्यंत विनंती बंद झाली.

नदीपलीकडच्या कार्यकर्त्याचा नंबर यंत्रणेत होताच. सकाळी साडेसातला, तिकडे दुपार असताना, ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून शशिकांतने तो लावला. तिकडून एका तरण्या माणसाचा अदबशीर आवाज आला. शशिकांतने आपलं नाव, कंपनीचं नाव सांगितलं आणि म्हणाला, ‘‘तुमच्या तक्रारींबद्दल बोलायचं होतं.’’

‘‘त्या सगळ्या सुटल्या, सर,’’ तो माणूस म्हणाला. ‘‘तुमचाच निरोप आला होता.’’

शशिकांतने काच खाली केली. शेजारच्या गाडीत कुणीतरी कॉफी पीत होतं.

‘‘किती होते?’’ त्याने विचारलं.

‘‘काय, सर?’’

‘‘हत्ती.’’

‘‘कालचे सांगू,’’ त्या माणसाने विचारलं, ‘‘की परवाचे?’’